साडूचा रंधा

माझा साडू रंधा मारायला लागला की नव्या पैठणीची घडी मोडताना येतो तसा आवाज येतो. मी मारायला लागलो की पत्र्याच्या शेडवर शेळी चढली असं वाटतं. हे माझं मत नाही, माझ्या बायकोचं आहे, आणि ती मिस्त्र्याची लेक असल्यामुळं लाकडाच्या बाबतीत तिच्या मताला आमच्या घरात वजन आहे. हे सांगताना ती हसली असती तर मीही हसून सोडून दिलं असतं. पण ती ताटात भाजी वाढत वाढत बोलली, पाऊस कसा झाला ते सांगावं तसं. ते जास्त लागलं.

बीडला माझं फर्निचरचं दुकान आहे. प्लाय, सनमायका, टीव्हीचं युनिट, नव्या फ्लॅटचं किचन. सगळं मशीनवर. कापायला मशीन, घासायला मशीन, स्क्रू पिळायला मशीन. माणसाचं काम एवढंच की मशीनची वायर कुठं अडकली ते बघायचं. पण मूळ शिक्षण माझं हातावरचं. सतराव्या वर्षी मी माजलगावच्या बाजूला एका मिस्त्र्याकडं शिकायला गेलतो. सात वर्षं राहिलो. त्या सात वर्षांत त्यांच्याकडची एकच गोष्ट मी पुरती पदरात पाडून घेतली, ती म्हणजे त्यांची थोरली लेक.

तर ते मिस्त्री म्हणजे माझे सासरे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामांची तपासायची एक रीत होती. फळी रंधून झाली की ते डोळे मिटायचे आणि तळहात फळीवरून सावकाश फिरवायचे, तापलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. काही खटकलं तर हात थांबायचा आणि तिथं नखानं टकटक व्हायचं. खटकलं नाही तर ते पुढच्या फळीकडं जायचे. नापसंतीला नख होतं, पसंतीला काहीच नव्हतं. सात वर्षं मी ती टकटक ऐकली. पुढं जावई झालो, दुकान टाकलं, केस पांढरे झाले, पण "चांगलं केलंस" हे दोन शब्द मामांच्या तोंडून काही आले नाहीत. मी मनाची समजूत घातली होती की हा त्यांचा स्वभाव आहे, कुणालाच म्हणत नाहीत.

मग साडू आला.

साडू मास्तर आहे, केजजवळच्या एका शाळेवर. त्याच्या आज्याच्या हातात वाकस-करवत असेल, पण बापानं हॉटेल टाकलं आणि ह्यानं डीएड केलं. लाकडाशी संबंध खडूच्या पेटीपुरता. कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा तो बायकोमुलांसह सासुरवाडीला जाऊन राहिला. करमेना म्हणून मामांच्या पडवीत रंधा हातात घेतला. पहिले दोन महिने त्यानं लाकडाचं वाटोळं केलं, ही बातमी ऐकून मला बरं वाटलं. तिसऱ्या महिन्यात मामांचा फोन आला. मी सनमायकाला फेविकॉल लावत होतो.

"मास्तरच्या रंध्याचा छिलका बघ येऊन," मामा म्हणाले. "त्याच्यातून पेपर वाचता येतोय."

"वाचला का तुमी?"

"मी न्हाई वाचला. पण वाचता येतोय."

फेविकॉल वाळून गेला तरी मी ब्रश हातात धरून उभा. संध्याकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोच आला. साडूनं तो छिलका उन्हात धरलेला, मागं पेपर, आणि खरंच सोयाबीनचा भाव वाचता येत होता. सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली. मी अंगठा पाठवला आणि फोन उपडा ठेवला. तीस वर्षांत माझ्या छिलक्यातून कुणाला पंचांगातली अमावस्यासुद्धा दिसली नव्हती.

मत्सर हा शब्द मला मोठा वाटतो. तो पोथीतल्या राजांना होतो. मला नुसती जळजळ व्हायची, छातीच्या डाव्या बाजूला, साडूचं नाव निघालं की. बायको म्हणायची मिरची कमी खा.

अशात मागच्या पावसाळ्यात परळीहून एक डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. त्यांनी माजलगावकडं पाडलेल्या कापसाच्या एका जुन्या जिनिंगचे सागवानी वासे घेऊन ठेवले होते. त्यांचं जेवणाचं टेबल करायचं होतं, आठ माणसांचं.

"मशीन अजिबात लावायचं नाही," बाई म्हणाल्या. "हातानं रंधा, आणि लाखेच्या चपड्याचं पॉलिश. माझ्या आजोबांच्या टेबलाला होतं तसं. आमच्याकडं थर्मलची राख येते, रोज पुसावं लागतं. मला पुसताना बरं वाटेल असं काहीतरी हवंय."

"बाई, तीच तर आमची खासियत," मी म्हणालो.

माझा रंधा त्या वेळी दुकानाच्या दाराला टेकू म्हणून लावलेला होता. बाई आत येताना तो ओलांडूनच आल्या होत्या.

हे सगळं मामा ऐकत होते. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बीडला झालं होतं आणि डोळा चिघळला होता, म्हणून ते आमच्याकडं मुक्कामाला होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा डोळा आधीच कामातून गेलेला. दिवसभर घरी करमत नाही म्हणून दुकानात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. बाई गेल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली.

"रंधा कोण मारणार?"

"मी."

"बरं." मग पट्टी चाचपत, "मास्तरला बोलवायचं का?"

"कावून? मी हाय की."

"हायस की," मामा म्हणाले. "दाराचा टेकू काढ मंग आदी."

तिथून मी एका जिद्दीनं कामाला लागलो. टेबलाचे पाय, खालची चौकट, खाचा, खाचेत बसणारे कुसू, सगळं हातानं केलं, आणि खोटं कशाला सांगू, सांधे चांगले बसले. ठोकताना मामा नुसता आवाज ऐकत होते आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. पण वरच्या फळ्या घेतल्या आणि माझी आब गेली. जिनिंगच्या वाशाचं लाकूड पन्नास वर्षं कापूस आणि ऊन खाऊन बसलेलं. मध्येच त्याचा रेशा उलटा फिरायचा आणि माझा रंधा तिथं दात लागल्यासारखा अडकायचा. फळीतून खपल्या निघायच्या. मामा तळहात फिरवायचे. टकटक. दोन बोटं पुढं, टकटक. तिसऱ्या दिवशी दुकानात कुणी पोस्टमन आलाय का म्हणून शेजारचा टायरवाला डोकावून गेला.

त्या दुपारी मामांनी मला मोबाइल मागितला. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून साडूचा नंबर मलाच लावून द्यावा लागला.

साडू शनिवारी मोटारसायकलवर आला. रंधा त्यानं धुतलेल्या सुती पातळाच्या तुकड्यात गुंडाळून, पोटाशी बांधून आणला होता, बाळंतिणीनं पोर आणावं तसा. बाभळीच्या गाभ्याचा रंधा, काळपट तांबडा, कडा हाताच्या घासानं गुळगुळीत. मामांनी त्याला स्वतः करून दिलेला. मला मामांनी माजलगावच्या बाजारातून विकत घ्यायला लावला होता, हे मी त्या वेळी कुणाला बोलून दाखवलं नाही. बायकोला रात्री जेवताना दोनदा बोललो तेवढंच.

साडू उर्मट असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण तो दुकानात आला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "साडूभाऊ, दुकान तुमचं, काम तुमचं. तुमी सांगा तसं करू."

"तुमाला काय सांगायचं मास्तर," मी म्हणालो. "तुमी पेपर वाचणारी माणसं."

त्याला ते कळलं नाही, किंवा कळूनही त्यानं न कळल्यासारखं केलं. त्यानं फळीवर हात ठेवला, कान लावल्यासारखा जरा वाकला, रंध्याचं पातं आवळणाऱ्या पाचरीवर हातोडीची एक हलकी टिचकी मारली आणि सुरू झाला. पैठणीची घडी. मामांनी खुर्ची जवळ ओढून घेतली. पट्टीखालचा डोळासुद्धा मिटला असेल.

"असंच," मामा म्हणाले. "असंच जाऊ द्या, मास्तर."

मला तीस वर्षं 'अरे', त्याला 'जाऊ द्या'. आणि वर 'असंच'.

मामांनी काम वाटून दिलं. सांधे थोरल्याचे, वरचं पान मास्तरचं. आता टेबलाचे सांधे कोण बघतं? झुरळ बघतं. पाहुणा हात ठेवतो तो वरच्या पानावर. मला काय हवं होतं ते आता सरळच सांगून टाकतो, कारण पुढं जो गोंधळ मी घातला तो त्याच्यापायीच. मला मामांच्या तोंडून एकदा माझ्या हातासाठी बरा शब्द हवा होता, आणि तो ऐकायला साडू शेजारी उभा हवा होता. नुसता शब्द पुरणार नव्हता. तो शेजारी हवाच होता.

दोन शनिवार-रविवार आणि वर दोन दिवसांची रजा टाकून साडूनं पान संपवलं. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी त्यानं रंधा खाली ठेवला. मामांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळहात नेला. कुठं थांबला नाही.

"झालं," मामा म्हणाले. "आता दसरा होऊ द्या. मंग पॉलिश."

खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजतात. चौरंगावर धुतलेलं कापड, त्यावर करवती, पटाश्या, गुण्या, रंधे, आणि आता ड्रिल मशीनसुद्धा, कारण कमावतं तेच. बायकोनं सगळ्यांना तेल पुसून हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, झेंडू वाहिला. साडूचा रंधा मधोमध होता. माझा कडेला, ड्रिल मशीनच्या वायरीत गुंतलेला. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही. मामांकडं तर हा नेम इतका कडक की त्या दिवशी पेन्सिलीला टोक काढायचं झालं तरी ते शेजाऱ्याकडून ब्लेड आणायचे.

पूजा झाली, सगळे घरी पुरणपोळी खायला गेले. कारागीर सणाला गावी. मी चार पोळ्या खाल्ल्या आणि म्हणालो, दुकानाचं कुलूप नीट लागलंय का बघून येतो.

माझा हेतू वाईट नव्हता. मला फक्त एक शंका फेडून घ्यायची होती. कला साडूच्या हातात आहे की मामांनी करून दिलेल्या रंध्यात? रंध्यात असेल तर माझी जळजळ थांबणार होती, कारण मग दोष माजलगावच्या बाजाराचा. मी शटर अर्धं वर केलं, वाकून आत गेलो आणि चौरंगावरून साडूचा रंधा उचलला. झेंडू बाजूला ठेवला. वरचं हळदकुंकू सदऱ्याच्या टोकाला पुसलं. रंध्याच्या तोंडात, जिथून छिलका वर येतो त्या फटीत, बायकोनं हात सैल सोडून टाकलेलं हळदकुंकू आणि तांदूळ भरलेले होते. तांदूळ मी फुंकून काढले. कुंकवाकडं लक्ष गेलं नाही.

आधी एका तुकड्यावर मारला. आणि माझ्या हातातून पैठणीची घडी मोडली. छिलका असा वर आला, सायीसारखा, की मी तो उचलून शटरखालच्या उजेडात धरला आणि कॅलेंडरवर ठेवून पाहिला. आकडे दिसत होते. मी दुकानात एकटाच "बघा, बघा" म्हणालो.

इथं कुलूप लावून घरी गेलो असतो तर हे लिहायला बसलो नसतो. पण शंका फिटली म्हणजे हाव सुटते. माझ्या मनात आलं, टेबलाच्या पानावर एक हात आपलाही असू दे. कुणाला कळणार? फक्त मला. पाहुणे जेवतील, बाई पुसतील, मामा म्हणतील मास्तरचं पान, आणि मी मनात म्हणेन, उजवी कड माझी. मी कडेनं एक पट्टा घेतला. मग दुसरा. लाकूड मला हो म्हणत होतं. सात-आठ वेळा रंधा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला आणि थांबलो तेव्हा घाम आलेला. पाहतो तर पानावर हळदीकुंकवाची भुकटी सांडलेली. ती मी ओल्या फडक्यानं पुसली, लाकूड स्वच्छ दिसलं. माझ्या आयुष्यातल्या मोठ्या चुकांमध्ये ओलं फडकं बऱ्याच वेळा आलेलं आहे.

रंधा होता तिथं ठेवला. पुसलेल्या कुंकवाच्या जागी चौरंगावरच्या करंड्यातलं कुंकू घेऊन बोट टेकवलं, झेंडू ठेवला, छिलके खिशात घातले आणि घरी येऊन पाचवी पोळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला बायको उत्तरपूजा करायला वाकली आणि तशीच थांबली.

"हे बोट कुणाचं हाय?"

"कशाचं बोट?"

"कुंकवाचं. मी करंगळीशेजारच्या बोटानं लावते. हे अंगठ्यानं लावलंय. पोस्टाचा शिक्का मारल्यावानी."

"उंदीर फिरला असंल."

"उंदरानं कुंकू लावलं?"

"हालवलं असंल."

तिनं माझ्या सदऱ्याच्या टोकाकडं पाहिलं. मी सदरा आत खोचला. ती झेंडू गोळा करायला लागली, आणि माझ्या संसाराच्या अनुभवानं सांगतो, ते बोलण्यापेक्षा वाईट असतं.

पुढच्या रविवारी साडू पॉलिशला आला. मामांच्या डोळ्याची पट्टी निघाली होती, त्यामुळं ते नव्या माणसासारखे सगळीकडं बघत होते. साडूनं पानावर पॉलिश पेपर फिरवला, भुगा झटकला. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा बाटलीत घेतला होता, मधासारखा. कापसावर मलमल गुंडाळून त्यानं बोळा केला, बोळ्याला चपडा पाजला आणि पहिला हात मारला. जुनं सागवान जागं झालं. फिक्या लाकडातून सोनेरी रंग वर आला, रेशे दिसायला लागले. आम्ही तिघंही बघत राहिलो. त्या घटकेपुरता मीसुद्धा साडूला विसरून लाकडाचा झालो होतो.

मग बोळा उजव्या कडेला गेला. तिथं सोनेरी रंग आला नाही. गुलाबी आला. आधी पुसट, मग स्पिरिट मुरेल तसा गडद. लाकडाच्या बारीक बारीक छिद्रांतून रंग बाहेर येत होता आणि कडेची सगळी पट्टी रंगपंचमी खेळून आल्यासारखी झाली. साडूनं बोळा उलटा करून पाहिला. तो लाल. वास घेतला.

"का थांबले, मास्तर?" मामा म्हणाले, आणि खुर्चीतून उठले.

"कुंकू हाय," साडू म्हणाला.

साडूनं माझ्याकडं पाहिलं नाही. अजिबात पाहिलं नाही, म्हणून तर मला कळलं की त्याला कळलंय.

"माझंच चुकलं, मामा," तो म्हणाला. "पूजेनंतर रंधा झटकायचा राहिला. मगाशी तुमी यायच्या आदी कडेला जरासा हात मारलता मी. तेव्हाच सांडलं असंल."

मामांनी नव्या डोळ्यानं ती पट्टी पाहिली. मग बोट पुढं केलं आणि नखानं वाजवलं. टकटक.

"तुमच्याकडून असं व्हावं, मास्तर?"

साडूच्या वाट्याला आलेली ती पहिली टकटक. ज्या क्षणाची मी चार वर्षं वाट पाहिली तो हा. मला आनंद झाला नाही असं म्हणणार नाही. झाला. अर्धा कप चहा पिऊन होईस्तोवर टिकला. मग डोक्यात दुसरंच चक्र फिरायला लागलं. बायकोला अंगठा माहीत आहे. आज ना उद्या ती बोलणार. मग सगळ्या सोयऱ्यांत काय गोष्ट होणार? की थोरल्यानं नासवलं आणि मास्तरनं स्वतःवर घेतलं. लग्नात, बारशात, तेराव्यात, जिथं चार माणसं जमतील तिथं ती सांगितली जाणार. रंध्यात तो पुढं गेला ते मी कसंबसं गिळलं होतं. आता चांगुलपणातही जाणार? हे मात्र मला झेपलं नाही.

"मामा," मी म्हणालो, "ते मी केलंय."

"काय केलंय?"

"रंधा मारला. मास्तरचा. खंडेनवमीला."

"साडूभाऊ, जाऊ द्या की," साडू म्हणाला. "कशाला उगंच—"

"तू गप बे," मी म्हणालो. "खरं बोलायची पाळी माझी हाय."

मामा माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं आता सतराव्या वर्षी बसली होती तशी एक कानाखाली बसणार. तेवढ्यात बायको चहाची किटली घेऊन आली, टेबल पाहिलं, आम्हा तिघांची तोंडं पाहिली आणि म्हणाली, "सापडला का उंदीर?"

मामा परत खुर्चीत बसले.

"कसा चालला?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"रंधा."

"लई गोड," मी म्हणालो.

"हं. गोडच हाय तो." चहा बशीत ओतून त्यांनी एक घोट घेतला. "हत्याराला वर्षातून एक दिवस सुट्टी. त्या दिवशी बी तू त्याला कामाला लावलं. मंग ते रंग उधळणार न्हाई तर काय करणार?"

शिक्षा त्यांनी चहा संपल्यावर सांगितली. एकट्या पट्टीवर रंधा मारला तर तिथं खळगा पडणार, म्हणून सगळं पान पुन्हा रंधायचं. ते मास्तरनं. आणि टेबलाची खालची बाजू मी रंधायची, माझ्या रंध्यानं, मास्तरच्या रंध्याला हात न लावता. खालूनही तेवढंच पॉलिश. एरवी खालची बाजू आम्ही करवतीनं कापली तशीच ठेवतो, तिथं फार तर एखादा पाहुणा च्युइंगम चिकटवतो.

"खाली कोण बघणार हाय मामा?" मी विचारलं.

"कुणी न्हाई," मामा म्हणाले. "म्हणूनच तुला दिली."

साडूनं आपल्या बाजूचं काम एका रविवारात उरकलं. मग पान उलटं करून माझ्या ताब्यात दिलं. मी दगडावर पातं घासलं, दाढी करता येईल इतकं घासलं. तरी उलट्या रेशाला रंधा अडायचाच. साडू बाजूला उभा राहून म्हणाला, "पातं जरासं मागं घेऊन बघा, आन् फळीला तिरका धरा." मी म्हणालो, माहीत आहे. तो हात धुवायला गेला तेव्हा पातं मागं घेतलं आणि रंधा तिरका धरला. चालला. तो परत आला तेव्हा मी पुन्हा सरळ धरला, तो अडकला, आणि साडू दुसरीकडं बघत राहिला. असे त्याचे गुण.

तो केजला परत गेल्यावर मी आठ दिवस रोज सकाळी, कारागीर यायच्या आधी, ती खालची बाजू रंधत होतो. छिलका पैठणीचा नव्हता, पण शेळीही पत्र्यावरून उतरली होती. पॉलिशचे पाच हात दिले. पाचव्या हाताला माझं तोंड त्यात दिसलं. बरं दिसत नव्हतं, पण दिसलं.

दिवाळीच्या आधी टेंपोत टेबल घालून आम्ही परळीला गेलो. मी, साडू आणि हट्टानं आलेले मामा. बाईंच्या हॉलमध्ये टेबल मांडलं. बाईंनी पानावरून हात फिरवला आणि काही वेळ उचललाच नाही.

"कुणी केलं हे?"

"मास्तरनं," मामा म्हणाले.

"खालून पण बघा बाई," मी म्हणालो.

"खालून?"

"खालून पण तेवढंच पॉलिश हाय. दोन्ही बाजूंनी बंद असलं की फळी वाकत न्हाई."

"अरे वा, छान," बाई म्हणाल्या. वाकल्या नाहीत. मग साडूकडं वळून, "तुम्ही शाळेत शिकवता म्हणे?" आणि त्याला शाळेचं विचारत विचारत त्या आत चहाला घेऊन गेल्या. मी हाक दिली तरी ऐकू जाईल इतकं जवळ स्वयंपाकघर होतं, पण हाक मारून काय सांगणार? मी पाय समतल बसलेत का ते बघतो असं स्वतःशीच मोठ्यानं म्हणालो आणि टेबलाखाली जाऊन फरशीवर उताणा पडलो. तिथून सगळं नीट दिसत होतं. माझं आठ दिवसांचं काम, सोनेरी, कुठं टवका नाही. बघणारा मी एकटा.

तेवढ्यात मामांचे पाय दिसले. मग गुडघे. टेबलाचा पाय धरून, कण्हत, ते माझ्याशेजारी फरशीवर बसले. वाकवेना म्हणून मान बाहेरच ठेवली आणि फक्त हात आत घातला. डोळे मिटले असावेत, मला दिसत नव्हते. तळहात वर करून ते पानाच्या खालून फिरवायला लागले. माझ्या नाकावरून हात गेला. एका टोकापासून निघाला, मध्यावर आला आणि थांबला.

मी टकटकीची वाट बघत पडून राहिलो.

"हितं रेशा उलटा हाय," मामा म्हणाले.

"हाय."

"तरी कळंना झालाय." हात थोडा मागं गेला, पुन्हा त्याच जागेवरून पुढं आला. "चांगलं केलंस."

आतून साडूचा आवाज येत होता. तो बाईंना चपडा कसा विरघळवायचा ते सांगत होता आणि बाई हसत होत्या. मी टेबलाखालून मान बाहेर काढली.

"मामा, जरा थांबा. मास्तर येऊ द्या. आन् मंग पुन्हा म्हणा."

"काय?"

साडू कपबशी घेऊन दारात आला तसा मी मोठ्यानं विचारलं, "काय म्हणाले तुमी, मामा? ऐकू न्हाई आलं."

मामांनी एकदा साडूकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"ऊठ म्हणलो," ते म्हणाले. "फरशी गार हाय."